आक्कांनी न तोडलेला नळ

मी ग्रामसेवक म्हणून ज्या ज्या गावांत नोकरी केली, तिथं बाई सरपंच झाली की कार्यालयात एक जादा खुर्ची यायची. ती सरपंचांच्या नवऱ्याची. ती कुणी मागवायचं नाही आणि कुणाला तिचं काही वाटायचंही नाही. पदभाराच्या दिवशी ती आपली सरपंचांच्या खुर्चीला लागून मांडलेली दिसायची. शालनआक्का सरपंच झाल्या त्या दिवशीही शिपायानं सवयीनं ती ठेवली होती. आक्कांचे मालक बळवंतराव साधा माणूस. नवा शर्ट घालून आले आणि दाखवली तिथं बसले.

मागून आक्का आल्या. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी शेजारी बघितलं.

"तुमचं तिकीट?"

बळवंतरावांना वाटलं, थट्टा चाललीय. ते हसले.

"हसू नका. हितं गावानं मला निवडलंय, तुमाला न्हाय. बसायचं आसलं तर भाईर बाकड्यावर बसा, गावातली मानसं बसत्यात तितं."

"तरी म्या हिला म्हनत हुतो, मी घरीच बरा," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत बळवंतराव उठले, बाहेर बाकड्यावर जाऊन बसले आणि त्यांनी तिथंच चहा घेतला. ती खुर्ची आक्कांनी टेबलाच्या पुढच्या बाजूला टाकायला लावली. गाऱ्हाणं घेऊन येणाऱ्या माणसासाठी.

सरपंच होण्याआधी आक्का एसटीत कंडक्टर होत्या. कोल्हापूर-मलकापूर गाडीवर त्यांची बरीच वर्षं गेली. आवाज असा की कार्यालयात बोलल्या तर बाहेर चावडीतला माणूस वळून बघायचा. दारात घोळका झाला की "पुढं सरका, मागं जागा हाय" असं तोंडातून आपोआप निघायचं आणि माणसंही मुकाट पुढं सरकायची. कुणी गोष्ट फार लांबवली तर म्हणायच्या, "पावनं, तुमचा स्टॉप मागंच गेला." बाजारात, लग्नात कुठंही पर्स घेऊन गेलेल्या मी त्यांना पाहिलं नाही. पदराच्या गाठीत जे असेल ते.

आमचं गाव कोल्हापूरच्या पश्चिमेला, मलकापूर रस्त्यापासून थोडं आत. नाव मुद्दामच घालत नाही. सरपंच थेट गावानं निवडलेला, पण सदस्य वॉर्डावॉर्डांतून आलेले, आणि त्यांतले बहुतेक उपसरपंच बाजीराव आबांच्या गटाचे. आबा दूध डेअरीचे चेअरमन. म्हणजे आक्कांना खुर्ची गावानं दिली होती आणि खुर्चीच्या चारी बाजूंना आबांची माणसं.

पहिल्याच आठवड्यात आक्कांनी मला समोर बसवलं. "भाऊसाहेब, हितं कोनी काय करायचं आनि काय करायचं न्हाय, ते सांगा. पुस्तकातलं नगो. घरात बायकोला सांगता तसं सांगा."

मी सांगितलं. ग्रामसभा म्हणजे सगळं गाव, ते विचारणार. सदस्य मिळून ठराव करणार. तो अमलात आणणार सरपंच. मी लिहिणार आणि नियम दाखवणार.

"आनि भांडन लागलं तर?"

"ते कोर्टाचं काम."

आक्का म्हणाल्या, "यष्टीत आमचं तसंच हुतं. डायवर कितीबी मोठा आसंना, घंटी झाल्याबिगर गाडी हालवायची न्हाय. आनि मी कितीबी घंट्या मारल्या तरी स्टेअरिंगला हात लावायचा न्हाय. चेकर चढला की दोघांनीबी गप उभं ऱ्हायाचं. बरं झालं इचारलं. मला वाटलं, सरपंच म्हंजी तिनीबी."

मला तेव्हा हसू आलं होतं. हे त्या किती मनावर घेणार आहेत, याची मला कल्पना नव्हती.

बाजीराव आबा वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर त्यांचीच जीप निघायची. डेअरीच्या कट्ट्यावर बसून ते गावची भांडणं मिटवायचे. बांधाचं असो, भावकीचं असो, सकाळी ऐकून घ्यायचे आणि दुपारी निकाल. कोर्टात वर्षं जातात, आबांकडं एक दिवस जातो, म्हणून लोकांनाही ते बरं वाटायचं. ज्याच्या विरुद्ध निकाल गेला त्याला काय वाटायचं, हे कुणी विचारत नव्हतं.

एका सकाळी आबांच्या मळ्यातली मोटारीची केबल चोरीला गेली आणि दुपारी संशयावरून गावातलाच एक जवान गडी, संभा, डेअरीपुढच्या खांबाला बांधला गेला. शर्ट फाटलेला, ओठ फुटलेला. दंड ठरत होता. आक्का कार्यालयातून तडक तिकडं निघाल्या, त्यांच्या मागून मी.

"सोडा त्येला," आक्का म्हणाल्या.

"आक्का, ही गावची गोष्ट हाय, गावात मिटंल," आबा शांतपणे म्हणाले. "तुमी गटाराचं, दिव्याचं बगा."

"केबल कुनाची गेली?"

"माजी."

"धरला कुनी?"

"माज्या गड्यांनी."

"दंड कोन ठरिवतंय? आनि भरायचा कुटं, तुमच्या डेअरीतच न्हवं? आबा, डायवर तुमी, कंडक्टर तुमी आनि चेकरबी तुमीच. असल्या गाडीत मी माज्या शत्रूलाबी बसू द्यायची न्हाय."

आक्कांनी स्वतः दोरी सोडली. गाठ घट्ट होती, दातांनी ओढावी लागली. मग त्यांनी संभाला सोडून दिलं, असं नाही. त्याला कार्यालयात बसवलं, पाणी दिलं आणि पोलीस ठाण्याला फोन केला.

पुढं पोलिसांना केबल सापडली, संभाच्याच गोठ्यात. गावात आक्कांची टर उडाली. आबा भर चौकात म्हणाले, "चोराची कैवारीन मिळालीया गावाला." आक्का चौकातूनच चालल्या होत्या. थांबल्या.

"तो साव हाय असं म्या कवा म्हनलं? चोर असंल म्हनूनच पोलिसाकडं दिला. साव निघाला असता तर त्येंनीच घरी पाठिवला असता. आनि ते तरी मी कशी ठरवनार?"

हे बोलणं गावाला तेव्हा पटलं नाही. मलाही पुरतं पटलं होतं असं नाही. चोर तो चोरच, असं माझ्याही मनात होतं.

मग आलं गटाराचं प्रकरण. आक्कांचं घर खालच्या आळीत. पावसाळ्यात वरच्या आळीचं सगळं पाणी त्या आळीत घुसायचं. गटार काढायचं हे त्यांचं निवडणुकीतलं वचन. निधी मिळाला, ठराव झाला. त्या एका ठरावाला आबांच्या गटानंही हात वर केले. मध्ये आडवी आली ती धोंडीराम मगदूम यांच्या परड्याची भिंत. पंचायतीच्या नकाशावर ती रस्त्यात दिसत होती. धोंडीरामदादा म्हणत होते, जागा माझ्या आज्याची.

धोंडीरामदादा म्हणजे सत्तरी ओलांडलेला, काटक, तोंडानं फटकळ गडी. मुलगा मुंबईला, घरात ते, सून सुवर्णा आणि दोन म्हशी. आक्का समजवायला गेल्या तेव्हा त्यांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत, आक्कांकडं न बघता सांगितलं, "तिकीट फाडनारी बाई माजी भित पाडनार व्हय?"

आक्कांना ते फार लागलं. नोटीस गेली, मुदत संपली आणि जेसीबी आला. आक्का स्वतः उभ्या राहिल्या. भिंत निम्मी पडली असेल-नसेल, तोवर सुवर्णा रस्त्यानं पळत आली. कोल्हापूरहून मिळेल त्या वडाप जीपनं आली होती. हातात कोर्टाचा मनाई हुकूम.

आबा तिथंच होते. ते आक्कांच्या कानाशी लागले. मी शेजारी असल्यानं मला ऐकू आलं. "हिला माज्याकडं थांबवून ठेवतो. दहा मिन्टात भित खाली येती. मग कागद मिळाल्याची सही करा. कागद मिळायच्या आदीच पाडली म्हनायचं. कोन इचारतंय?"

भिंत पडावी असं गावात सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल तर आक्कांनाच. दर पावसाळ्यात त्यांच्याच स्वयंपाकघरात पाणी यायचं. त्या पुढं गेल्या आणि जेसीबीच्या पत्र्यावर हाताची एक जोरदार थाप मारली. ड्रायव्हरनं यंत्र बंद केलं.

"आन तो कागद," त्या सुवर्णाला म्हणाल्या. तिनं घाबरत दिला. आक्कांनी तो मला वाचायला लावला, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. मग तिथंच सही केली आणि सहीखाली वेळ घातली. धोंडीरामदादा पडक्या भिंतीपलीकडून बघत होते. आक्का त्यांच्याकडं वळल्या. "म्हाताऱ्या, मला कोर्टात वडलंस. मी येनार. वकील लावून भांडनार. पर आज भितीला हात लावायची न्हाय."

त्या पावसाळ्यात खालच्या आळीत पाणी शिरलं. नेहमीपेक्षा जास्तच, कारण गटार अर्धवट खोदून पडलं होतं. बायका आक्कांच्या दारात येऊन बोलून गेल्या. आक्कांनी ऐकून घेतलं. मी गेलो तेव्हा त्या साडी खोचून, घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून पिठाचा डबा माळ्यावर ठेवत होत्या.

"भाऊसाहेब, म्हाताऱ्याला शिव्या द्यायला लई मन हुतंय," त्या म्हणाल्या. "दिऊ का?"

"द्या की. घरात कोण ऐकतंय?"

त्यांनी दिल्या. इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

लोकांचा हा राग आबांनी बरोबर ओळखला. मासिक सभेत त्यांनी ठराव मांडला: धोंडीराम मगदूम यांनी कोर्टात जाऊन गावच्या विकासात अडथळा आणला, सबब ते दावा मागं घेईपर्यंत त्यांचं नळाचं कनेक्शन तोडावं. हात वर झाले. आक्कांच्या बाजूचे दोघं सोडले तर सगळेच. मी नियम सांगायला तोंड उघडलं तर आबा म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी लिवा."

सगळ्यांना वाटत होतं, आक्का खूश होतील. ज्या म्हाताऱ्यानं त्यांना अडवलं, त्याचाच बंदोबस्त होत होता, आणि तोही त्यांना स्वतःला बोट न उचलावं लागता.

"घरपट्टी, पानीपट्टी थकलीया का त्येची?" आक्कांनी मला विचारलं.

"नाही. चोख आहे."

"मग नळ कशापायी तोडायचा?"

"कोर्टात गेला म्हनून," आबा म्हणाले.

"कोर्टात जानं गुन्हा हाय का?"

"आक्का, ठराव झालाय. बहुमतानं झालाय. सरपंचाचं काम ठराव राबवायचं. तुमीच सांगत असता की, ज्येचं काम त्येनं करावं."

हा टोला नेमका बसला. क्षणभर आक्का खरंच अडकल्यासारख्या दिसल्या. बोटानं टेबलावरची काच पुसत राहिल्या. मग बोलल्या, नेहमीपेक्षा हळू.

"व्हय, सांगते. गटार कुटनं काढायचं, दिवा कुटं लावायचा, ह्येचा ठराव तुमी करा. मला पटंना, तरी मी राबवीन. पर पंचायतीवर दावा लावला म्हनून मानसाला शिक्षा द्यायची, ह्यो ठराव न्हाय आबा, ह्यो निकाल हाय. तो द्यायला तितं न्यायाधीश बसलाय, आनि त्येच्यापुढं आपुन सगळी आरोपीसारकी उभी हाय. आरोपीनं फिर्यादीचं पानी तोडायचं, ही कुटली रीत? लिवा भाऊसाहेब. सरपंचाचा विरोध. ठराव वर पंचायत समितीला पाठवा, त्येंनी काय म्हनायचं ते म्हनू द्यात. तवर त्या नळाला हात लागनार न्हाय."

"आनि आमी लावला तर?"

"तर मी फिर्याद दीन. तुमच्यावर न्हाय फकस्त, पंचायतीवर. म्हंजी माज्यावरबी."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी सुटायच्या वेळेला आक्का धोंडीरामदादांच्या दारापुढं, नळाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. सुवर्णा घागर घेऊन बाहेर आली आणि दचकली. धोंडीरामदादा आतून ओरडले, "कोन हाय?"

"सरपंच."

"भित पाडायला आली व्हय परत?"

"पानी येतंय का बगाय आली."

घागर भरली, आक्का घरी गेल्या. असं त्या बरेच दिवस करत राहिल्या. एकमेकांशी ते दोघं कधी गोड बोलले नाहीत.

अविश्वासाचा ठराव येणार हे आता शेंबडं पोरही सांगत होतं. तहसीलदारांसमोर सदस्यांची सभा झाली आणि आबांना हवी होती तेवढी मतं मिळाली. पण सरपंच गावानं निवडलेला असल्यानं तेवढ्यानं भागत नव्हतं. शेवटचा शब्द ग्रामसभेचा, गुप्त मतदानानं. आबांच्या लोकांना ही अट जाचक वाटत होती. मला एक जण म्हणाला, "आमी सदस्य काय बुजगावनी हाय व्हय?" आक्कांना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "न्हाय की. त्येंनी घंटी मारलीया. आता गाडी हालवायची का न्हाय, ते गाव बगंल."

सभा शाळेच्या पटांगणात झाली. इतकी माणसं मी तिथं कधी पाहिली नव्हती. तालुक्याहून आलेले अधिकारी टेबलाशी बसले होते. आबा आधी बोलले आणि चांगलं बोलले. "ही बाई चोराच्या बाजूनं हाय. गावाला कोर्टात वडनाऱ्याच्या बाजूनं हाय. तुमच्या घरात पानी शिरलं तरी हिला त्या म्हाताऱ्याचा नळ म्हत्त्वाचा." खालच्या आळीच्या बायकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, संपलं.

आक्कांना माइक दिला. त्यांनी तो बाजूला ठेवला. त्यांना त्याची गरज नव्हती.

"आबा म्हनले त्येतलं बरंच खरं हाय. पानी तुमच्या घरात शिरलं, माज्याबी शिरलं. धोंडीरामदादानं मला कोर्टात वडलं. तो मला आवडत न्हाय. मी त्येला आवडत न्हाय. ह्यात लपिवन्यासारकं काय न्हाय." लोक हसले. "मला तुमी बसिवलंय, तुमी उठवा. तो हक्क तुमचा. मी हात जोडनार न्हाय. पर उठिवन्याआदी येक ध्यानात घ्या. उद्या ह्या पंचायतीनं तुमची भित पाडली, तुमची जागा घितली, तर तुमी कुटं जाशीला? माज्याकडं याल, तर पाडनारी मीच. आबाकडं जाल, तर ठराव करनारं त्येच. तिसरं दार येकच हाय. त्या दारात गेलेल्या मानसाचं पानी तोडायची चाल हितं पडली, तर ते दार तुमच्यासाटीबी बंद झालं. आबा आज हायत, उद्या दुसरं कोन येईल. मीबी आज हाय. चांगलं मानूस निवडलंय म्हनून बिनघोर ऱ्हावू नका. माज्यावरबी ऱ्हावू नका."

एवढं बोलून त्या खाली बायकांत जाऊन बसल्या.

मतदानाच्या रांगेत धोंडीरामदादा काठी टेकत उभे होते. बाहेर आल्यावर कुणीतरी विचारलं, "दादा, कुनाला घातलं?"

"गुप्त मतदान हाय," म्हातारा म्हणाला. "परत इचारलंस तर तुलाबी कोर्टात वडीन."

ठराव पडला. फार मोठ्या फरकानं नाही, पण पडला. पोरांनी गुलाल लावला, तो आक्कांनी पुसून टाकला. "निवडून आल्यागत काय करताय? हुते तितंच हाय." आबांनी येऊन हात जोडले. आक्कांनीही जोडले. दुसऱ्या दिवशीच्या सभेला दोघंही वेळेवर हजर होते आणि पहिल्याच विषयावर भांडले.

भिंतीचा निकाल पुढच्या वर्षी लागला. आम्ही दोघं कोल्हापूरला कोर्टात गेलो होतो. निकाल पंचायतीच्या विरुद्ध गेला: जागा मगदूमांची, पाडलेली भिंत पंचायतीनं बांधून द्यावी. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "वर अपील करता येईल."

आक्का पायऱ्यांवर उभ्या होत्या. चेहरा पडला होता. हरण्याची त्यांना सवय नव्हती. "मोजनीवाल्यानं माप दाखिवलं ते तुमी बगितलं न्हवं? जागा त्येचीच हाय. आपला नकाशा खोटा निघाला. आता वर जायचं ते कशासाटी, माज्या हट्टासाटी? गावाच्या खर्चानं?" मग पायऱ्या उतरता उतरता म्हणाल्या, "पर बोलला काय मला म्हातारा. तिकीट फाडनारी बाई." ते त्या विसरल्या नव्हत्या.

भिंत बांधायच्या दिवशी आक्का उन्हात गवंड्याजवळ उभ्या. धोंडीरामदादा बाज टाकून समोर बसलेले, हातात पानाची चंची.

"वळंबा लाव जरा. वाकडी चाललीया," ते गवंड्याला म्हणाले.

"कोर्टानं भित बांधून द्यायला सांगितलंय," आक्का म्हणाल्या. "तुमचं आयकायला न्हाय."

"वाकडी बांधली तर परत जाईन."

"जावा. पत्ता म्हाईत हाय तुमाला."

सुवर्णा दोघांना चहा घेऊन आली. आक्कांनी कप घेतला. तोपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा त्या प्यायल्या नव्हत्या. गटार पुढं शाळेच्या मागून वळवून नेलं. लांब पडलं, खर्च वाढला, आणि त्यापायी खालच्या आळीला आणखी एक पावसाळा सोसावा लागला. ते आक्कांनी कधी लपवलं नाही. "माजी चूक. आदी मोजनी करायला पायजे हुती," असं त्या ग्रामसभेत सरळ बोलल्या.

मुदत संपली. पुढच्या वेळी आरक्षण बदललं, आबांचा पुतण्या सरपंच झाला. माझी बदली झाली, नंतर मी निवृत्तही झालो. मध्ये एकदा त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा सहज गावात डोकावलो. ग्रामसभा चालू होती. मी मागं झाडाखाली उभा राहिलो.

बायकांच्या रांगेतून आक्का उठल्या. केस बरेच पांढरे झाले होते, आवाज तोच. नव्या पाण्याच्या टाकीची जागा कुणी बदलली, कोणत्या ठरावानं बदलली, एवढंच त्या विचारत होत्या.

पुतण्या तरुण, हसतमुख. "आक्का, तुमची मुदत संपलीया आता. बसा की निवांत."

"सरपंचाची संपली," आक्का म्हणाल्या. "मी सभा हाय. सभेची मुदत संपत न्हाय. ठराव दाखवा."

तो कारभाऱ्यांकडं बघायला लागला. कुणीतरी कपाटाची किल्ली शोधायला गेलं. आक्का उभ्याच. मग त्यांच्या शेजारची एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि तिच्या मागची दुसरी.